पाण्याखालचा सोबती

"बावीस मीटर, पंचवीस मिनिटं," दाजी म्हणाले आणि जेवणाच्या टेबलावर पसरलेल्या नकाशावर त्यांनी पेन्सिलीचं टोक टेकवलं. "पाणी चार अंश. गेल्या वर्षीचाच खडक. यंदा ती सापडणारच."

ती म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी एक समुद्री गोगलगाय. या थंड परमुलखात वर्षातले तीनच आठवडे, समुद्राचं पाणी बर्फासारखं गार झालं की ती अंडी घालते. त्या क्षणाचा फोटो काढायचा या वेडापायी दाजींनी आयुष्याची बारा वर्षं आणि दोन्ही गुडघे घालवले होते. एरवी ते कवळ्या बनवायचे. शहरातली निम्मी म्हातारी माणसं त्यांच्याच दातांनी हसायची.

समोर बसलेला त्यांचा मेहुणा लिफ्टची दुरुस्ती करायचा. फोटोतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पाण्याखाली त्याचं काम एकच. दाजी तळाशी पालथे पडून भिंगात डोळा घालून बसले की मागे थांबायचं, त्यांच्या हवेचा काटा बघायचा, आणि तो निम्म्यावर आला की खांद्यावर दोनदा थोपटायचं. फोटो काढणाऱ्याला स्वतःचा काटा दिसत नाही, त्याला त्या दाण्यापलीकडे जगच नसतं. दाजींचे फोटो तीन प्रदर्शनांत लागले. खाली मेहुण्याचं नाव कधी नव्हतं, आणि त्याचं त्याला काही वाटलंही नव्हतं. लिफ्ट नीट चालली तर मेकॅनिक कोणाला आठवतो?

"मी येत नाही, दाजी," तो म्हणाला.

दाजींनी चष्मा काढला. "का? काय झालं?"

"गेल्या वर्षीचं विसरलात?"

"हळू बोल." दाजींनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत ताई भांडी घासत होती.

गेल्या वर्षी त्याने थोपटलं तेव्हा दाजींनी मान न वळवता एक बोट वर केलं होतं. एक मिनिट. त्याने ते दिलं. मग आणखी एक दिलं. नाही म्हणणं त्याला कधी जमलंच नव्हतं. तेवढ्यात थंडीने दाजींच्या तोंडातल्या नळीची झडप गोठली आणि हवा भसाभसा बाहेर पडायला लागली. आपली जादा नळी त्यांच्या तोंडात कोंबून त्याने त्यांना कसंबसं वर आणलं. बोटीवर दाजींनी त्याला नीट निरखून पाहिलं आणि अदबीने विचारलं, "आपण कोण?" दहा मिनिटांनी ओळख पटली. तेव्हा दोघेही हसले. घरी मात्र कोणीच तोंड उघडलं नाही.

"धडधाकट बसलोय ना तुझ्यापुढे?"

"डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवलं असतं तर त्याने पाण्यात उतरायची बंदीच घातली असती," दाजी म्हणाले, जणू यात दोष डॉक्टरचाच. "बरं, तू नको येऊस. बँकेतल्या त्या कॅमेरेवाल्याला विचारलंय मी. तो एका पायावर तयार आहे. जोडीशिवाय बोटवाले पाण्यात उतरू देत नाहीत, आणि त्यांचे फॉर्म आजच पाठवायचेत."

बँकेतला माणूस चांगला होता, पोहायचाही छान. पण तो स्वतःचा कॅमेरा घेऊन येणार होता. म्हणजे खाली दोन माणसं दोन दगडांसमोर पालथी, दोघांचेही डोळे भिंगात, आणि काटे बघायला कोणीच नाही. कागदावर जोडी मात्र पूर्ण. या छंदातली माणसं नेमकी हीच चूक करतात. प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय.

"मग लक्ष कोण ठेवणार?"

"एकमेकांवर ठेवू की."

"तुम्ही? बारा वर्षांत खाली एकदा तरी वळून पाहिलंत माझ्याकडे?"

गाडीतलं सामान बघतो असं पुटपुटत दाजी जिना उतरून गेले.

तो स्वयंपाकघरात गेला. ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. त्याची बायको सोडून गेली तेव्हा ती कोणालाही न विचारता रोज तिसरं ताट वाढायला लागली. दर वर्षी निघताना ती एकच वाक्य म्हणायची, "तू बरोबर आहेस ना, मग मला घोर नाही." ते वाक्य आठवलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

त्याने सगळं सांगितलं. पहिलं मिनिट, दुसरं मिनिट, ते "आपण कोण"सुद्धा. नळ वाहतच होता.

"वर्षभर माझ्या हातचं जेवलास," ताई शेवटी म्हणाली, "आणि आज सांगतोस?"

"चुकलं, ताई."

"परवा साखरेच्या डब्याकडे बोट दाखवून 'ते, ते' करत होते. नावच आठवेना. मला वाटलं, वय झालं."

"तू अडव त्यांना. तुझं ऐकतील."

"माझं?" ती हसली, पण ते हसणं बघवत नव्हतं. "तीस वर्षांत कधी ऐकलंय? अडवलं तर चोरून जातील, तेही त्या बँकवाल्याबरोबर." तिने नळ बंद केला. "ते जाणारच. तू तरी जाऊ नकोस. दोघं नको रे."

ती रडेल, भांडेल, नाहीतर 'तू जा, सांभाळ त्यांना' म्हणेल, असं त्याला वाटलं होतं. हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्याच क्षणी त्याला कळलं की आता आपण जाणार.

बाहेर येऊन त्याने बँकवाल्याला फोन केला. "तुम्ही राहू द्या. दाजींबरोबर मी जातोय." पलीकडचा माणूस हिरमुसला, पुढच्या वर्षी नक्की ना, असं विचारू लागला. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू, असं म्हणून याने फोन ठेवला.

त्याने कोरा फॉर्म पुढे ओढला. नाव, वय, रक्तगट. दाजींचा भरलेला फॉर्म शेजारीच होता. त्यात आजाराच्या रकान्यात ठसठशीत 'नाही' होतं. सर्वांत खाली विचारलं होतं, अपघात झाल्यास कोणाला कळवावे. तिथे दाजींनी ताईचा नंबर लिहिला होता.

ताई पदराला हात पुसत मागे येऊन उभी राहिली. "ऐकायचं नाहीस तर."

"या वेळी एक मिनिटही देणार नाही, ताई. ओढून वर आणीन."

त्याचं पेन शेवटच्या रकान्यापाशी थांबलेलं तिने पाहिलं.

"माझाच लिही," ती म्हणाली. "आणखी कोण आहे तुला?"

नंबर त्याला पाठ होता. तरी ती एकेक आकडा सावकाश सांगत गेली आणि तो लिहीत गेला. मग तिने चष्मा लावला, दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवले आणि नंबर नीट जुळतात ना, ते बोट ठेवून पाहिलं.