पाणी कोण घालतं?

"हे बघ, नुसता हात लावला की गळतं," असं म्हणून मी झाडाला बोट लावलं आणि दोन पानं टपकन रोपवाटिकेवाल्याच्या टेबलावर पडली.

त्याने एक पान उचलून उजेडात धरलं. जाड, फुगलेलं, पिवळट, आरपार दिसणारं. "सिस्टर, पाणी जास्त होतंय. कमी पडलं असतं तर पान सुरकुतलं असतं."

"पंधरा दिवसांत मी थेंब घातलेला नाही."

"मग झाड स्वतःच उठून नळावर जात असेल."

मला हसू आलं नाही. चौतीस वर्षं वॉर्डात काढली मी. पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून ताप सांगायचे. नवखे डॉक्टर औषध लिहिण्याआधी माझ्या तोंडाकडे बघायचे. आणि निवृत्तीनंतर हौसेने आणलेल्या, कमी पाण्यावर जगणाऱ्या झाडांच्या अकरा कुंड्या मला दाद देत नव्हत्या. त्यातल्या चार तर गेल्याच होत्या.

घरी येऊन वर्तमानपत्र पसरलं. सगळी झाडं उपसली, काळी पडलेली मुळं कात्रीने छाटली. चार दिवस सावलीत सुकू दिली आणि मग भरड वाळू मिसळलेल्या कोरड्या मातीत लावली. गॅलरीच्या भिंतीवर तक्ता चिकटवला. तारीख, पाणी, सही. आमच्या वॉर्डातला नियमच होता, लिहिलं नाही म्हणजे केलं नाही.

"अगं, सात कुंड्यांसाठी एवढा कारभार?" हे म्हणाले. हे पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होते. तीस वर्षं चावीचे फेरे मोजत अख्ख्या वस्तीला पाणी सोडलं त्यांनी, तेही घड्याळ लावून घ्यावं अशा वेळेवर.

"दोन आठवडे कुणी पाण्याचा थेंब घालायचा नाही. समजलं?"

"समजलं बाई."

तिसऱ्या दिवशी सकाळी माती ओली. खालच्या बशांमध्ये पाणी. तक्ता कोरा.

माझं डोकंच फिरलं. आधी वर जाऊन वरच्या मजल्यावरच्या बाईंशी भांडले, की तुमच्या कुंड्यांचं पाणी माझ्या झाडांवर गळतं. त्यांनी मला हाताला धरून गॅलरीत नेलं. तिथे कपडे वाळत घालायच्या दोरीखेरीज काही नव्हतं. मान खाली घालून परत आले आणि सगळा राग ह्यांच्यावर निघाला.

"तुम्ही पाणी घातलंत?"

"मी? हातसुद्धा लावला नाही."

"खोटं बोलू नका."

"तुझी शपथ."

"या वयात खोट्या शपथा खाताय?"

संध्याकाळी आणखी एका झाडाचा नुसता दांडा उरला.

दुसऱ्या दिवशी मी चहाचा कप घेऊन दाराआड बसले. म्हटलं, आज रंगेहाथ पकडायचंच. सहा वाजता हे झारी घेऊन आले. तोंडातल्या तोंडात दहापर्यंत मोजत प्रत्येक कुंडीला पाणी घातलं, झारी पुसून जागेवर ठेवली आणि आत खुर्चीत जाऊन बसले. मी कप ठेवून उठणार, तोच हे पुन्हा उठले. "अरे, झाडांना पाणी घालायचं राहिलं की," स्वतःशीच म्हणाले. झारी भरली. पुन्हा दहापर्यंत मोजलं. सात वाजायच्या आत तिसऱ्यांदा आले. माझा चहा गार झाला होता.

खोटं बोलत नव्हते ते. मागच्या महिन्यात एकाच दुपारी त्यांनी तीनदा विचारलं होतं, लेकीचा फोन आला का म्हणून. मी खेकसले होते, "कानात बोळे घातलेत का?" चष्मा फ्रिजमध्ये सापडला, तेव्हा लेकीला फोन करून हसत हसत सांगितलं होतं. परका पेशंट असता तर मी पहिल्याच दिवशी ओळखलं असतं. घरातल्या माणसाकडे पाठ करून मी पानं मोजत बसले होते. मला माझीच चीड आली.

डॉक्टरांची वेळ घेतली आणि तशीच रोपवाटिकेत गेले.

"कितीही पाणी घातलं तरी मरणार नाही असं झाड दे."

"सिस्टर, इतके दिवस तर उलटं..." माझ्याकडे बघून तो आत गेला. आतून त्याने एक टब आणला. पाण्यात उभं असलेलं, छत्रीसारख्या पानांचं झाड होतं. "हे दलदलीतलं. याचे पाय कायम पाण्यातच लागतात."

वाचलेल्या सहा कुंड्या मी आतल्या खोलीच्या खिडकीत हलवल्या. टब गॅलरीत ठेवला आणि तक्ता त्याच्या वर लावला.

सकाळी ह्यांनी पाणी घातलं, मी सांगितल्यावर सही केली. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा झारी भरून आले आणि सहीकडे बघत उभे राहिले.

"अगं, हे मीच घातलंय?"

"हो."

त्यांनी सहीवरून बोट फिरवलं. "म्हणजे तुझ्या त्या झाडांनाही..."

मी मान डोलावली. खोटं बोलणं मला जमलं नाही.

"मग आता नको ना घालायला?"

"घाला," मी म्हणाले. "याला चालतं."

ते वाकून मोजायला लागले. मी आत वळले. पाच, सहा, सात. मग आवाज थांबला. मागे बघितलं तर झारी हातात तशीच तिरकी, पाणी पडतंय, आणि ते माझ्याकडे बघतायत.

"आठ," मी म्हणाले.