दहावा टाका

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी पेशी आहे. वय म्हणाल तर आठ वर्षं, पण आमच्यात हे म्हातारपणच. माझ्या बरोबरीच्या बहुतेक जणी कधीच संपल्या. जंतूंशी लढणाऱ्या आमच्या जातीचं पुस्तकांतून फार कौतुक होतं. शूर सैनिक काय, रक्षक काय! माझं मात्र कौतुक करू नका. जिच्या शरीरात मी राहते, त्याच मुलीला मी दुखवलं आहे. ते सांगून टाकल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

मुलीचं घरातलं नाव भिंगरी. एका जागी बसेल तर शपथ! तिच्या आईबाबांची लाँड्री आहे. पुढे दुकान, मागे वाफेनं भरलेली खोली आणि सतरा पायऱ्या चढून वर घर. माझा मुक्काम तिच्या घशातल्या टॉन्सिलमध्ये. तिथून कान हाकेच्या अंतरावर, त्यामुळे घरातलं सगळं बोलणं मला ऐकू येतं.

माझा जन्म तिच्या हाडाच्या आतल्या मऊ मज्जेत झाला. आमच्यातल्या प्रत्येकीला जन्मापासून एकच आकार ओळखता येतो. एकीला एक, दुसरीला दुसरा. अशा आम्ही कोट्यवधी, म्हणून कुठलाही जंतू आला तरी त्याला ओळखणारी कोणीतरी निघतेच. बाहेर सोडण्याआधी आमची परीक्षा होते. घरच्याच अवयवांवर जी धावून जाते, तिला तिथंच संपवतात. मी पास झाले. कशी झाले, देव जाणे.

भिंगरी सात वर्षांची असताना तिचा घसा धरला. थुंकी गिळताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. माळेसारखे एकामागून एक चिकटलेले जंतू घशात ठाण मांडून बसले होते. आमच्यातल्या खादाड पेशी त्यांना गिळत होत्या आणि त्यांचे तुकडे घेऊन आमच्याकडे येत होत्या, कुणी ओळखतंय का ते बघायला. कितीतरी जणी बघून पुढे गेल्या. माझी पाळी आली आणि माझ्या अंगावर काटा आला. हाच तो आकार!

शेजारच्या मदतनीस पेशीनं दुजोरा दिला आणि मी एकीच्या दोन, दोनाच्या चार अशी वाढत गेले. माझ्या लेकी झपाट्यानं प्रतिपिंडं बनवू लागल्या. प्रतिपिंड म्हणजे एक बारीकशी खूण. ती ज्याला चिकटेल त्याचा फडशा पाडायचा, हा आमच्याकडचा कायदा. भिंगरीचे बाबा कपड्यांना खुणा करतात, तसंच समजा. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपड्यांना कॉलरच्या आत ठरावीक रंगाचा टाका. टाका बघायचा आणि कपडा त्या गठ्ठ्यात टाकायचा, बाकी चौकशी नाही.

डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. तिसऱ्या दिवशी भिंगरी जिन्यात उड्या मारायला लागली.

"अहो, गोळ्या शिल्लक आहेत अजून," आई म्हणाली. "दहा दिवस म्हणाल्या होत्या डॉक्टर."

"अगं, ठणठणीत आहे पोरगी! कशाला उगाच गोळ्या चारायच्या? ठेव कपाटात, पुढच्या वेळी होतील."

तेव्हा मला काय वाटलं, सांगू? मला आनंद झाला. औषध आलं की आमची किंमत कमी होते, असं मला वाटायचं. टॉन्सिलच्या घड्यांत काही जंतू लपून उरले होते. आता यांना मी बघते, असं म्हणून मी कंबर कसली. आठवडे उलटले तरी मी लेकींना थांबा म्हटलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात आमच्या खुणा रक्तातून वाहत हृदयापर्यंत पोचल्या. रक्त मागे फिरू नये म्हणून हृदयात झडपा असतात. त्या झडपेच्या अंगावर जो आकार होता, तो जवळजवळ त्या जंतूच्या आकारासारखाच. आमच्या खुणा तिथंही चिकटल्या आणि मागोमाग लढणाऱ्या पेशी तुटून पडल्या. रक्तातून ओरडा ऐकू यायला लागला, आणि तो शरीरातल्या आपल्याच पेशींचा ओरडा होता. मला थांबता येत नव्हतं. म्हणजे, मी थांबले नाही. या दोन्हींतला फरक मला आजही नीट सांगता येत नाही.

भिंगरीला ताप चढला. आधी गुडघा सुजला, मग घोटा. बाबांनी तिला उचलून सतरा पायऱ्या उतरवल्या. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही.

"हृदयातून वेगळा आवाज येतोय. मागच्या गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या ना?"

आईनं बाबांकडे पाहिलं.

"कपाटात आहेत," बाबा म्हणाले.

सूज उतरली, पण एक झडप आखडली ती आखडलीच. तेव्हापासून भिंगरी जिना चढताना नवव्या पायरीवर बसते आणि श्वास घेते. पुन्हा असा हल्ला झाला तर झडप टिकणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. म्हणून दर तीन आठवड्यांनी कमरेत इंजेक्शन. ते जंतूसाठी असतं, पण खरा बंदोबस्त माझा. जंतू माझ्यापर्यंत पोचूच नये, मी जागी होऊच नये, यासाठी ती पोर वर्षानुवर्षं टोचून घेते आहे.

यंदा भिंगरी पंधरा वर्षांची झाली. इंजेक्शननंतर दोन दिवस लंगडायला लागतं, वर्गातल्या मुली हसतात. तिनं दोनदा ते चुकवलं आणि घरच्यांना मात्र घेतलं म्हणून सांगितलं. मग तिचा घसा धरला. ती चोरून गरम पाणी पीत राहिली.

तेच जंतू परत आले होते. या वेळी मला शोधायचं काहीच नव्हतं, सगळं पाठ होतं. आठवण ठेवणं हाच तर आमचा गुण. आम्ही लक्षात ठेवतो म्हणून लशीचा उपयोग होतो, म्हणून काही आजार दुसऱ्यांदा डोकं वर काढत नाहीत. माझ्या लेकी कामाला लागल्या. अगं थांबा, असं मी म्हणत होते आणि त्यांना वाढवतही होते. कुणीतरी हिचा घसा बघा, एवढाच धावा मी करत होते.

बाबा इस्त्री करत होते. त्यांनी काहीतरी विचारलं आणि भिंगरी नुसतं "हो" म्हणाली. बाबांनी इस्त्री उभी करून ठेवली.

"पुन्हा बोल."

"काय बोलू?"

"आवाज बसलाय तुझा. घसा दुखतोय?"

ती रडायलाच लागली. "बाबा, मी दोन इंजेक्शनं चुकवली."

मला वाटलं, आता बाबा ओरडणार. "या चुकीची सुरुवात माझ्यापासून आहे," ते म्हणाले. "चप्पल घाल." ओले कपडे मशीनमध्येच टाकून ते तिला घेऊन निघाले.

पुन्हा दहा दिवसांच्या गोळ्या. रोज गोळी दिली की बाबा तिच्या शाळेच्या गणवेशाच्या कॉलरमध्ये आतून लाल दोऱ्याचा एक टाका घालत. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, आता अजिबात दुखत नाही."

"माहीत आहे. तोंड उघड."

जंतू कमी होत गेले. मला लढायला बोलावणाऱ्या हाका थांबल्या. लेकींनी हात आवरले. दहावा टाका घातला त्या दिवशी डॉक्टरांनी छातीला नळी लावली. "आवाज जुनाच आहे," त्या म्हणाल्या. "नवीन काही नाही." आई खुर्चीत बसूनच राहिली. मीही सुटकेचा श्वास टाकला असता, पण तेवढा माझा हक्क नाही.

मित्रांनो, डॉक्टरांनी दिलेलं औषध मध्येच सोडू नका. बरं वाटलं तरी नाही. तुमच्या आत माझ्यासारखी एखादी नसेलही. पण असली, तर तिला हाक मारायची वेळ आणू नका; एकदा ओळखलं की आम्हाला विसरता येत नाही.

भिंगरीनं बाबांना कधीच माफ केलंय, मी ते ऐकलंय. माझ्याशी ती बोलणार नाही, कारण मी आहे हेच तिला माहीत नाही. परवा ती शाळेतून आली आणि नवव्या पायरीवर बसली. श्वास लागला होता. मी गप्प राहिले. माझ्याजवळ तिला देण्यासारखं आता तेवढंच आहे.