पाळण्यातलं पान

जिनू मांडीवर झोपला, की राजमतीचा अभ्यास सुरू व्हायचा. आठ महिन्यांचं पोर. मांडी हलली की जागं! त्यामुळे वहीचं पान उलटायचं तेही श्वास धरून.

मेडिकल कॉलेजातली ती प्रश्नांची वही जुन्या मुलींकडून नव्या मुलींकडे येत असे. औषधशास्त्राची परीक्षा देऊन आलेल्या मुलीने आठवतील ते प्रश्न आणि उत्तरं तीत लिहायची नि वही पुढे द्यायची, अशी रीतच होती. १९७४ साली ती दोघींत होती. सांगलीच्या हळद व्यापाऱ्याची सून राजमती आणि वसतिगृहात राहणारी कडेगावची विजयमाला. चार दिवस हिच्याकडे, चार दिवस तिच्याकडे.

आणि राजमती विजयमालेवर जळत होती. त्याला दुसरा शब्द नाही. विजयमालेला पहाट होती, संध्याकाळ होती, अख्खा रविवार होता! राजमतीचं उत्तर अर्ध्यावर आलं की पोर रडायचं. एकदा सर भर वर्गात म्हणाले, "विजयमाला, तू पहिली येणार." त्या दिवशी घरी पोचेपर्यंत बसमध्ये राजमतीच्या छातीत काहीतरी चावत राहिलं. विजयमालेच्या पातळावर दुधाचा एक डाग नसतो, याचासुद्धा तिला राग आला.

विजयमालेने तिला विश्वासाने सांगितलं होतं, "यंदा नापास झाले तर आबा लग्न लावून देणार गं. स्थळ बघून ठेवलंय." तरीही, सोमवारी तोंडी परीक्षा आणि शनिवारी वही द्यायची, तेव्हा राजमतीने शिवण सैल करून एक पान काढलं. फवारणी करताना विष चढलेल्या माणसाच्या उपचाराचं. 'हमखास विचारतात' असं वर लाल शाईने लिहिलेलं. पान पाळण्यातल्या दुपट्याखाली सारलं आणि ती वही देऊन आली.

रविवारी सकाळी तिच्या सासूबाई, चंदनबाला, ओलं दुपटं बदलायला गेल्या.

"राजमती, ह्यो कागद हितं कसा?"

राजमतीला खोटं बोलता येईना. "मीच ठेवलाय. विजयमालेला मिळू नये म्हणून." आणि एकदम भडभडून म्हणाली, "तिला काय हो आत्याबाई! ना पोर, ना चूल. मी एवढी मरमर करते..."

"करतीस. दिसतंय मला. पर लिवलंय काय ह्यात?"

"उसावर औषध मारताना विष चढलं तर काय करायचं ते."

"अन् ती पोरगी कुठली म्हनालीस?"

"कडेगावची."

"तितं ऊस न्हाई व्हय?"

"आहे," राजमती म्हणाली.

"उद्या ती तितं डाक्टरीण व्हईल. गाडीतनं मानूस आनला, तोंडाला फेस, बायकू पाया पडतीया. ती काय सांगंल? उत्तर सांगलीला राजमतीच्या पाळन्यात हाय, जावा? अन् नापास झाली, तर तितं डाक्टरीणच न्हाई!"

अरेरे! ज्या पानात राजमतीला फक्त विजयमालेचे मार्क दिसत होते, त्याच पानात आता एक माणूस तडफडत होता.

"रडू नगंस. पोराला पाज आन् गाडी धर."

राजमती पोचली तेव्हा विजयमाला वसतिगृहाच्या पायरीवरच बसली होती. पान पाहताच ती उठली. "तू काढलंस?"

"हो. जळत होते तुझ्यावर."

"माझं शिक्षण सुटलं असतं, कळतं का तुला?" विजयमाला म्हणाली.

"कळतं. म्हणून तर आले."

विजयमालेने तिच्या हातातलं पान घेतलं. मग विचारलं, "अजून जळतेस?"

"थोडी."

"आणि मी चिडलेय. चांगलीच! बस इथं. विचार मला."

राजमतीने प्रश्न विचारला. विजयमालेने दोनदा वाचून, पान पालथं करून उत्तर दिलं, "अ‍ॅट्रोपीन. एकदा टोचून उठायचं नाही. छातीतली घरघर थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा द्यायचं आणि उशाशी बसून राहायचं."

"बरोबर," राजमती म्हणाली. तो शब्द तिला जड गेला. पण निघाला तोंडातून.

मैत्रिणींनो, हेवा कुणाच्या मनात येत नाही? येऊ द्या, तो आपल्याशी ठेवा. पण विद्या अडवू नका. ती अडवल्याने ज्याचा जीव अडतो, तो माणूस आपल्याला कधी दिसतही नाही!