वन्संच्या गाडीचा मागचा पत्रा

पुट्टी थापून गाड्या विकणाऱ्यांची मला मनापासून चीड आहे. त्यामुळे आमचा भाचा वर्कशॉपच्या दारात उभा राहून, "मामी, पुट्टी भरा, वरून रंग मारा, गिऱ्हाईक तयार आहे," म्हणाला तेव्हा माझ्या हातात हातोडी होती हे त्याचं नशीब. हातोडी मी कधी फेकत नाही. पाना असता तर सांगता आलं नसतं.

गाडी त्याच्या आईची, म्हणजे माझ्या वन्संची. लाल, बुटकी, दोनच माणसं बसतील अशी जुनी स्पोर्ट्स कार. वन्संच्या यजमानांनी, आमच्या भावोजींनी, ती कोरी घेतली होती आणि ते होते तोवर वन्संना तिच्या स्टिअरिंगला हात लावायची मुभा नव्हती. "गाडी पुढे कोणीही नेईल, मागे घ्यायला डोकं लागतं," हे भावोजींचं ठरलेलं वाक्य. त्याच्या पाठोपाठ दुसरं: "इतक्या वर्षांत एक ओरखडा नाही!" ते गेले आणि वन्सं वयाची साठी उलटल्यावर गाडी शिकल्या. काय सांगू, बाईचा नूरच पालटला. दर आठवड्याला आमच्या दारात करकचून ब्रेक लावायच्या आणि मला हाक मारायच्या. मी तसल्याच तेलकट कपड्यांनी शेजारी जाऊन बसायचे आणि आम्ही दोघी गावभर हिंडून यायचो. नणंद-भावजयीचं असं मेतकूट जमलेलं बघून माझ्या नवऱ्याला सुरुवातीला काळजीच वाटली होती.

मग मागच्या महिन्यात वन्संनी गाडी मागे घेताना स्वतःच्याच फाटकाच्या खांबाला ठोकली. डाव्या बाजूचा मागचा पत्रा चाकाच्या वर कागदासारखा चुरगळला. खांबाला काही झालं नाही. वन्संना मात्र झालं. त्यांनी किल्ली मुलाच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ते बरोबरच म्हणायचे. माझ्यात ते डोकं नाही. दुरुस्त कर आणि विकून टाक."

मला ती विकायला दुरुस्त करायचीच नव्हती. वन्संनी पुन्हा गाडी चालवावी, एवढंच मला हवं होतं. पण मोठ्या नणंदेला शहाणपण शिकवायला गेलेल्या भावजयीचं काय होतं ते मला ठाऊक आहे. म्हणून मी तोंड बंद ठेवलं आणि भंगारवाल्याकडून त्याच मॉडेलचा मागचा तुकडा शोधून आणला.

चुरगळलेला पत्रा कापायच्या दिवशी वन्सं येऊन स्टुलावर बसल्या. "शेवटचं बघून घेते," म्हणाल्या. त्यांचा तो पडेल आवाज ऐकून मला त्यांचा रागच आला.

कुठून कापायचं ते मी चुंबकाला विचारते. चांगल्या पत्र्याला ते चिकटतं, रंगाखाली जाड पुट्टी असेल तर चिकटत नाही. चुंबक फडक्यात गुंडाळून मी पत्र्यावरून फिरवायला लागले. दाराजवळ चिकटलं. काचेखाली चिकटलं. आणि मागच्या दिव्याशेजारी, जिथे खांबाचा स्पर्शही झाला नव्हता, तिथे ते सुटून थेट माझ्या पायावर पडलं.

मी तिथला रंग घासला. लाल रंगाखाली पुट्टी निघाली, पुट्टीखाली पुन्हा लाल रंग, त्याखाली पुन्हा पुट्टी आणि सगळ्यांत तळाशी ठोकून ठोकून कसाबसा सरळ केलेला पत्रा.

"वन्सं, जरा इकडे या."

"काय गं? फारच बिघडलंय का?"

"ही गाडी तुम्ही याआधी कधी ठोकली होती?"

"एकदाच ठोकली. अख्ख्या जगाला माहीत आहे."

"मग ही जागा त्याआधी दोनदा कोणी ठोकली?"

वन्संनी चष्मा वर केला आणि नाक टेकेल इतक्या जवळून ते थर पाहिले. मग बोट फिरवलं.

"एकदा गाडी आठवडाभर सर्व्हिसिंगला होती," त्या हळूच म्हणाल्या. "हे बसने यायचे. शीळ घालत यायचे. आणि मला घड्याळ आणलं होतं, काही कारण नसताना." त्यांनी पुट्टीच्या दोन्ही थरांवर पुन्हा बोट ठेवलं. मग एकदम माझा दंडच धरला. "अगं, माझ्याकडे दोन घड्याळं आहेत!"

त्यानंतर आम्ही दोघी अशा हसत सुटलो, की आतून माझा नवरा तोंडाला मास्क लावलेला तसाच धावत आला. आमच्याकडे रंगाचं खातं त्याचं आणि बोलायचं माझं.

"काय झालं, ताई?"

"तुझे भावोजी! एक ओरखडा नाही म्हणे! चोर! ढोंगी!" हसता हसता वन्संच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि मग ते नुसतंच हसण्याचं राहिलं नाही. "सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं का त्यांना? दोघं मिळून हसलो असतो की गं. आणि मी वेडी महिनाभर त्या खांबाकडे बघून रडतेय."

पदराने नाही, माझ्याच फडक्याने त्यांनी डोळे पुसले आणि गालाला काळं लागलं. मग नाक ओढून म्हणाल्या, "काप. पुट्टीचा कणसुद्धा ठेवू नकोस."

कापलं. दुसऱ्या दिवसापासून वन्सं जुने कपडे घालून यायला लागल्या. नवा तुकडा मी क्लॅम्प लावून बसवला की त्या लांब उभ्या राहून बघायच्या. आमच्या कामात वेल्डिंगआधी डिकीचं झाकण आणि मागचा दिवा लावून पाहायचा असतो. आधी जोडलं आणि मग झाकण लागेना, तर रडायला कोपरा शोधावा लागतो. "वरची फट खालच्यापेक्षा मोठी दिसतेय," त्या म्हणाल्या. नाही म्हणून मी वाद घातला, मग मोजलं. त्यांचंच खरं निघालं. मेली नजर कशी शाबूत होती! पत्रा तापून वाकडा होऊ नये म्हणून मी एक टाका इथे, एक तिथे असं करत बेताने जोडत गेले आणि त्या पंख्यासारखा पुठ्ठा हलवत वारा घालत राहिल्या. पण गाडी ठेवणार की विकणार, हे काही बोलल्या नाहीत. विचारायची माझी छाती होईना.

गाडी तयार झाली त्या दिवशी भाचा गिऱ्हाईक घेऊन आला. चांगला माणूस होता, उगाच कशाला नावं ठेवू. आमचं वर्कशॉप लांबट आणि अरुंद, गाडी बाहेर काढायची तर मागेच घ्यावी लागते.

"मामी, तुम्हीच काढा," भाचा म्हणाला.

मी किल्ली काढली आणि वन्संनी हात पुढे केला. "आण इकडे."

"आई, कशाला? नवा पत्रा आहे!"

"जुना असताना तरी कुठे वाचला?" वन्सं म्हणाल्या आणि आत जाऊन बसल्या.

पहिल्याच झटक्याला गाडी बंद पडली. त्यांनी पुन्हा चालू केली. भाचा मागे उभा राहून दोन्ही हात हलवायला लागला. "डावीकडे घे! नाही, उजवीकडे! थांब, थांब!"

वन्संनी काच खाली केली. "तुझ्याकडे बघू की आरशात बघू? हो बाजूला!"

तो झाला बाजूला. गाडी इंच इंच मागे येत राहिली, आमचा नवा पत्रा दाराच्या चौकटीला न लागता वीतभर अंतर ठेवून बाहेर निघाला आणि वन्सं रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या. गिऱ्हाईकाने मागे जाऊन पत्र्यावरून हात फिरवला. "जोड कुठे आहे तेच कळत नाही. मला पसंत आहे."

"मलाही," वन्सं म्हणाल्या. "म्हणून तर विकत नाही." आणि निघून गेल्या.

"मामी, तुम्ही तिला काय सांगितलंत?" भाचा माझ्यावर घसरला.

"मी? मी पत्रा बदलला," मी म्हटलं.

तो गिऱ्हाईकाची माफी मागत असतानाच लाल गाडी कोपऱ्यावरून वळून परत आली. वन्संनी ती दारापुढे तिरकी उभी केली, मागे बघितलं आणि उलटी आत घातली, थेट भिंतीपर्यंत. मग बाहेर काढली. मग पुन्हा उलटी आत घातली. काही गरज नव्हती, कोणी सांगितलंही नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मी वेल्डिंगच्या धुराचं निमित्तही सांगितलं नाही.