थोरलीला साजेल असे

“थोरलीला साजेल असे, घरातील सर्वांच्या विचाराने आणि आपल्या संस्कृतीचे भान राखून आमच्या धाकट्या कन्येचे नाव निवडले आहे. रविवारी संध्याकाळी चहाला यावे आणि बाळाला त्या नावाने हाक मारावी.”

दादाने हा मजकूर सगळ्या नातेवाइकांना एकदमच पाठवला, तेव्हा त्याची धाकटी बहीण ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत नव्या पुस्तकांच्या पाठीवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या डकवत होती. दादाच्या मुलींमुळे घरीदारी तिला सगळे आत्याच म्हणत. मजकुराच्या खाली ठळक अक्षरांत नाव होते. आत्याने ते वाचले, बोटांचा डिंक पुसला आणि पुन्हा वाचले. मग खुर्ची ओढून बसली.

उभा जन्म दुसऱ्यांची पुस्तके जागच्या जागी लावण्यात गेल्यामुळे तिला वाक्ये सोलण्याची खोड जडली होती. ‘घरातील सर्वांच्या विचाराने.’ घरात माणसे चार. पैकी बाळ तीन महिन्यांचे. त्याचे मत दुधापलीकडे जात नाही. थोरलीला कोणी काही विचारत नाही. वहिनी मान डोलावते किंवा डोलावत नाही, निर्णय तोच राहतो. उरला एक. एकाला ‘सर्व’ म्हणण्याची सोय, ज्याच्या हाती घर असते त्याला असतेच. ‘निवडले आहे.’ निवडायला समोर ढीग लागतो. दुसऱ्याच्या अंगावरून जे काढून घेतात त्याला निवडणे म्हणत नाहीत. त्यासाठी भाषेत वेगळे क्रियापद आहे आणि कायद्यात वेगळे कलम. ‘संस्कृतीचे भान राखून.’ इथे तिला हसू आले, आणि ते हसू चांगले नव्हते.

राहिले ‘थोरलीला साजेल असे’. हा एक दावा मात्र शब्दशः खरा होता. ते नाव थोरलीला साजतच होते. गेली नऊ वर्षे साजत होते. ते तिचेच नाव होते.

ते इथे लिहिलेले नाही. मालकिणीला न विचारता ते एकदा वापरून झाले आहे; तेवढे पुरे.

थोरली जन्मली तेव्हा दादाच आत्याकडे आला होता. “पंडितबाई, असं नाव काढ की ऐकणाऱ्यानं अर्थ विचारलाच पाहिजे.” आत्याने कोश उलटेपालटे केले, शिलालेखांच्या टिपा वाचल्या, आणि शेवटी एका जुन्या शब्दापाशी येऊन थांबली. नदी वळण घेते तिथे पाणी खोल आणि संथ होते, त्या जागेचा तो शब्द. जिभेला हलका, कानाला शांत. दादा पुढे कितीतरी दिवस कचेरीत ज्याला त्याला त्याचा अर्थ समजावून सांगत होता. आत्याने लग्न केले नाही, घर बांधले नाही, चार ओळी कुठे छापून आणल्या नाहीत. या जगात तिने स्वतः घडवलेली वस्तू म्हणजे ते नाव, आणि ते ती लेकरू कडेवर घ्यावे तसे मनात घेऊन फिरत असे.

पुढे थोरलीने मान वेळेवर धरली नाही. मग बसणे लांबले, चालणे लांबले, बोलणे आलेच नाही. डॉक्टरांनी जे सांगायचे ते सांगितले. तेव्हापासून दादाच्या तोंडून ते नाव हळूहळू उतरत गेले. पोर उचलून घेणाऱ्याच्या सदऱ्याची गुंडी घट्ट पकडून ठेवायची, म्हणून कोणीतरी लाडाने ‘गुंडी’ म्हणाले आणि घराने सुटकेचा श्वास टाकला. दर रविवारी येणारी आत्या तेवढी तिला खऱ्या नावाने हाक मारी. हाक मारायची आणि थांबायचे, हे तिला उमगले होते. हाक त्या मुलीपर्यंत पोहोचायला वेळ लागे. लांबच्या गावाहून कोणी निघावे तशी ती हाकेपर्यंत चालत येई, आणि मग मान वळे. पण तोवर हाक मारणारा निघून गेलेला असे, आणि घरात ठरून गेले की पोरीला स्वतःचे नाव कळत नाही.

दोन महिन्यांपूर्वी दादा पुन्हा आला होता. “थोरलीला साजेल असं काढ हं.” घरात एक थोरली आहे हे त्याच्या तोंडून ऐकूनच आत्या हरखली. तिने शोधून दिले: नदी जिथे पायी ओलांडता येते त्या उथळ जागेचा शब्द. खोल पाण्याची धाकटी बहीण. दादा म्हणाला होता, “बघतो.”

मजकूर आला त्याच संध्याकाळी ती भावाच्या दारात उभी राहिली. दार वहिनीने उघडले. कडेवर बाळ, खांद्यावर ओले फडके.

“या ताई. वाटलंच मला. चहा टाकू, का आधी भांडून घेताय?”

“आधी भांडते.”

“मग आत जा. खुर्च्या पुसतायत.”

दादा शेजाऱ्यांकडून आणलेल्या खुर्च्या पुसत होता. थोरली खिडकीपाशी जमिनीवर बसून पडद्याची किनार बोटांत गुंडाळत होती.

“ये पंडितबाई! कसा जमलाय मजकूर?”

“मजकूर तुझा आहे. नाव कुणाचं आहे?”

“आल्या आल्या तलवार नको उपसूस. बस.”

“नाव कुणाचं आहे, दादा?”

“अगं, नाव काय कुणाच्या बापाचं असतं?”

“हे बापानं म्हणावं!”

दारात वहिनीच्या तोंडून हसू फुटले आणि तिने ते बाळाच्या टोपड्यात लपवले. दादाने फडके झटकले.

“हे बघ, शाळेत हिला गुंडी म्हणतात, शेजारी गुंडी म्हणतात, डॉक्टरसुद्धा गुंडी म्हणतात. मागंच अर्ज देऊन शाळेत तेच लावून घेतलं. जे होतं ते कागदावर आणलं, एवढंच.”

“मागं म्हणजे? मला नाव शोधायला बसवलंस त्याच्या आधी?”

“तेव्हा काही नक्की नव्हतं.”

“कागद झाला होता आणि नक्की नव्हतं!”

“तुला नाव ठेवायला सांगितलं होतं, बाई, नावं ठेवायला नाही.” हा विनोद त्याला स्वतःला फार आवडला. दाद मिळेल म्हणून त्याने वहिनीकडे पाहिले. ती बाळाची लाळ पुसत होती. “बरं, असं करू. ते तुझं दुसरं नाव आहे ना, उथळ पाण्याचं, ते गुंडीला देऊन टाकू. झालं समाधान? दोघींना तुझीच नावं.”

आत्याचा राग उकळणाऱ्यांतला नव्हता, गोठणाऱ्यांतला होता. तिचा आवाज उलट खाली आला.

“तिला नाव आहे.”

“ओ देते का ती त्याला? तू एवढी शिकलेली, तूच सांग. हाक मारली तर जे माणूस वळत नाही त्याचं ते नाव कसलं?”

“वळते. थांबावं लागतं.”

“किती?”

“वळेपर्यंत.”

आणि तिने तिथेच थोरलीला नावाने हाक मारली. दादा हातांची घडी घालून उभा राहिला. पडद्याची किनार बोटांभोवती फिरत राहिली. “बघ,” तो म्हणाला. मग खांदे उडवले, “बघितलंस ना?” म्हणाला, आणि आत फोन वाजतोय म्हणून वळला. त्याची पाठ दाराआड होते न होते तोच किनार बोटांतून सुटली आणि थोरलीने मान वळवून आत्याकडे पाहिले.

वहिनीने ते पाहिले. पाहून खाली बघितले.

“पाहिलंत ना?” आत्या म्हणाली. “मग सांगा की त्याला!”

“वन्सं,” वहिनी म्हणाली. तिला राग आला की ताईचे वन्सं होत असे. “तुम्ही रविवारी येता. निवांत बसता, हाक मारता नि वाट बघता. मला तिला न्हाऊ घालायचं असतं, भरवायचं असतं, खालचं पुसायचं असतं. मी टाळी वाजवून ‘गुंडी’ म्हणते, ती दचकून बघते, तेवढ्यात घास जातो तोंडात. मी थांबत बसले तर दोघींतली एक उपाशी राहील.”

टाळी वाजवून भरवलेला घासही घासच असतो, आणि तो आत्याने कधी भरवला नव्हता.

“तुम्हाला पटतंय का पण हे? नावाचं?”

“मला विचारलंय कुणी? मला झोप पाहिजे, ताई. नाव कुठलंही ठेवा.”

दादा बाहेर आला तेव्हा आत्या त्याच्या वाटेत उभी होती. “रविवारच्या आत बदल. नाहीतर—”

“नाहीतर काय? पाहुण्यांसमोर तमाशा करशील?”

आत्याच्या ‘नाहीतर’पुढे काहीच नव्हते, आणि हे त्या दोघांनाही ठाऊक होते.

रविवारी न जाण्याचा तिने विचार केला होता. पण तिने जाणे टाळले असते तर त्या घरात ते नाव कोणाचे हे जाणणारे, आणि त्याची लाज वाटणारे, एकही माणूस उरले नसते. ती गेली आणि भिंतीकडेच्या खुर्चीवर बसली. खोली माणसांनी भरली होती. गर्दीला बिचकते म्हणून थोरलीला मागच्या खोलीत ठेवले होते. दार लोटलेले होते.

दादाने बाळाला उचलून धरले. हल्ली लोक कुठलीही नावे कशी ठेवतात, मुळे कशी तुटत चालली आहेत, यावर तो घटकाभर बोलला. मग अर्थ सांगितला: नदी वळण घेते तिथे पाणी खोल आणि संथ होते, ती जागा. नऊ वर्षांपूर्वी आत्याने त्याला जसा सांगितला होता तसाच. ‘खोल’नंतर ती जिथे थांबली होती तिथे थांबूनसुद्धा. आणि मग त्याने त्या नावाने हाक मारली. एवढ्या मोठ्याने, एवढ्या मायेने ते नाव त्याने कितीतरी वर्षांत घेतले नव्हते.

टाळ्या पडल्या. “काय गोड नाव आहे हो! कुठून काढलंत?”

“घरातलंच आहे,” दादा म्हणाला.

“पूर्वी कधीतरी ऐकल्यासारखं वाटतं,” एक म्हातारे काका म्हणाले.

“चांगलं नाव ऐकल्यासारखंच वाटतं, काका!” सगळे हसले. मूग गिळून बसणाऱ्यांनीही हसून घेतले. ज्यांना आठवले होते ते कोण, हे त्यांच्या जोराच्या हसण्यावरून आत्याला ओळखता आले.

मग केक आला, चहा आला, बोलणी जागांच्या भावांवर आणि कोणाच्या तरी गुडघ्यांवर गेली. बाळ झोपले. हाक विरून गेली होती. ती मारली होती हेही खोली विसरली होती.

तेव्हा मागच्या खोलीचे दार हलले.

थोरली बाहेर आली. एक पाय ओढत, खुर्च्यांच्या पाठी धरत, ज्या आवाजांना ती बिचके त्यांच्या मधोमध. आत्याने नकळत हात पुढे केला. ती तो हात ओलांडून गेली. केकपाशी थांबली नाही, बाळापाशी थांबली नाही. थेट दादासमोर जाऊन उभी राहिली, त्याच्या नव्या शर्टाचे बटण मुठीत धरले आणि घशातून एक आवाज काढला. तिच्याकडे तेवढा एकच होता, आणि तो ‘ओ’ होता.

“अय्या, गुंडीलापण बाळ बघायचंय!” कोणीतरी कौतुकाने म्हणाले. आणखी कोणी टाळी वाजवली. “गुंडी, इकडे ये, केक घे!”

ती वळली नाही. वर, बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. हाक आली होती, ती आली होती. आता पुढचे त्याने सांगायचे होते.

दादाच्या हातातली बशी कलली. “आत ने हिला,” तो वहिनीला म्हणाला.

वहिनी जागची हलली नाही. “तुम्ही हाक मारलीत,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण खोलीतली बोलणी थांबली. “तुम्हीच न्या.”

त्याने थोरलीला आत नेले. आत्या मागोमाग गेली आणि तिने दार लावून घेतले. दादा पलंगाच्या कडेला बसला होता. बटण अजून मुठीत होते; ते सोडवण्याचा त्याने प्रयत्न केला नाही.

“आता म्हण,” आत्या म्हणाली. “म्हण, वळत नाही.”

त्याने हातातली बशी पलंगावर ठेवली.

“तुला माहीत होतं.”

बाहेर कपबश्या पुन्हा वाजू लागल्या होत्या. दादाने दाराकडे पाहिले, मग थोरलीच्या मुठीकडे. त्या संध्याकाळी त्याच्या तोंडून खरे म्हणून जे निघाले ते एवढेच. म्हणून ते पदरचा शब्द न घालता जसेच्या तसे:

“माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. वळते ती, उशिरा, पण वळते. मलाच चारचौघांत ती हाक मारवत नव्हती गं. लोक अर्थ विचारायचे, मी सांगायचो, आणि मग ते हिच्याकडे बघायचे. एवढं चांगलं नाव, पंडितबाई. वाया चाललं होतं.”