चेअरमनसाहेबांचा डावा डोळा

निमगाव केतकीच्या दूध संस्थेचं चेअरमनपद बापूसाहेबांना मिळालं आणि कार्यकर्त्यांच्या अंगात वारं शिरलं. त्यातल्या बिरूनं साहेबांना खांद्यावर उचललं आणि नाचत नाचत स्वागताच्या कमानीखालून नेलं. कमान त्यानंच बांधलेली, तीही मापानं नव्हे, उत्साहानं. आडवा बांबू साहेबांच्या डाव्या भुवईवर असा बसला की ढोल बंद पडले.

रक्ताचा थेंब नाही, पण डाव्या डोळ्यापुढं अंधार. गावातल्या डॉक्टरनं बजावलं, "नजरेच्या नसेला मार लागलाय. आत्ताच्या आत्ता बारामतीला न्या. स्टेरॉइड वेळेत मिळालं तर सूज उतरंल. नजर वाचली तर त्यानंच वाचंल."

"जीप काढा," बापूसाहेबांची बायको सिंधुबाई ओरडली.

"काढतो की वैनी," बिरू म्हणाला. "पण इंदापुरात सत्काराला माणसं खोळंबल्याती. ती नाराज झाली म्हंजे?"

बारामती एकीकडं, इंदापूर दुसरीकडं. जीप निघाली इंदापूरला! शाली झाल्या, फेटे झाले, भाषणं तर संपता संपेनात. चेअरमन एका डोळ्यानं हसत होते आणि सिंधुबाई मागं चरफडत बसली होती. मेल्यांनो, माणूस आंधळा होतोय की रे! पण ऐकतंय कोण? बारामती गाठली ती दुसऱ्या दिवशी दुपारी.

डॉक्टरीणबाईंनी स्टेरॉइड चालू केलं, पण आशा काही दाखवली नाही.

"उसाला फुटवा येतो, तशी नस परत फुटत न्हाय व्हय?" सिंधुबाईनं विचारलं.

"माशाची फुटते. नसेभोवती तिला सांभाळणाऱ्या पेशी असतात. माशात त्या घाण साफ करून वाट मोकळी करतात. माणसात त्याच पेशी मदतीला म्हणून धावून येतात, गर्दी करतात आणि तिथंच घट्ट होऊन बसतात. मग कोंबाला पुढं जायला जागाच राहत नाही."

सिंधुबाईनं दाराकडं पाहिलं. दारात बिरू आणि मंडळी पेढे वाटत होती.

"कळलं बाई," ती म्हणाली. "लई चांगलं कळलं."

औषध पुरं झालं, त्या दिवशी मंडळी सांगवीला कुणा नव्या साहेबांच्या वाढदिवसाला गेली होती. डॉक्टरीणबाईंनी बापूसाहेबांचा चांगला डोळा झाकला. "समोर काय दिसतं?"

बापूसाहेबांनी सवयीनं हात जोडले आणि हसून मान डोलावली.

"समदी आपलीच माणसं हायती."

समोर एकटी सिंधुबाई उभी होती. तिनं तोंडात पदर कोंबला.