नाईकाच्या नावावर नऊ मीटर

मानीबाई, माझी बायको, माघात गेली. शेवटच्या आठ दिवसांत तिला फारसे बोलवत नव्हते. तरी एक गोष्ट ती स्पष्ट बोलली. "रामधनले कॉलेजात घालजा."

रामधन आमचा एकुलता एक. बासष्ट साली मॅट्रिक पास झाला, तांड्यातला पहिला. ज्या घराचे वर्षाचे उत्पन्न बाराशेच्या आत, त्या घरच्या मुलाची फी माफ, असा सरकारचा नियम तेव्हा होता. मी तांड्याचा नाईक, म्हणजे मुखिया, पण जमीन सहा एकर कोरडवाहू. फी भरून शिकवणे मला जमणारे नव्हते. म्हणून उत्पन्नाचा दाखला आणायला मी मंगळवारी पुसदला तहसिलीत गेलो. कॉलेजात अर्ज देण्याची शेवटची तारीख शनिवार होती.

दाखल्याचे काम मधुसूदनराव नावाच्या कारकुनाकडे होते. त्यांनी तलाठ्याचा कागद वाचला आणि चष्मा काढला.

"नाईक, तुम्हाला कशाला फी माफी? तुम्ही तर मोठी असामी."

"काहून साहेब?"

"तुमच्या नावावर विजेची नऊ मीटर आहेत. माझ्या घरी एक आहे, तेही घरमालकाचं."

ती चूक आमचीच होती. आदल्या वर्षी शेजारच्या गावाला लाईन गेली, ती तांड्यावरून गेली. वीजमंडळाचा माणूस आला आणि ज्याला लाईट पाहिजे त्याने अर्ज भरा म्हणाला. सरकारी कागदावर अंगठा द्यायला कोणी तयार होईना. आमचे आजे-पणजे बैलांवर मीठ आणि धान्य वाहायचे, तेव्हा सगळ्या तांड्याचा माल नाईकाच्या नावाने चाले. नाक्यावर जबाब द्यायचा तो नाईकाने. त्याच सवयीने सगळे म्हणाले, नाईकाच्या नावानं टाका. मलाही तो मान वाटला. नऊ घरांची नऊ मीटर लखीराम धावजी राठोड या एका नावावर लागली.

मी हे सांगितले तेव्हा मधुसूदनराव हसले नाहीत.

"मग तसं लिहून द्या. एक मीटर माझं, आठ दुसऱ्यांची. दाखला देतो. पण आधी ऐका. ज्याच्या नावाची वीज, ती त्यानंच वापरायची, असा कायदा आहे. तुम्ही लिहून दिलं की हा कागद मंडळाकडे जाईल आणि ते आठ घरांची वीज तोडतील. मग नवे अर्ज, नवा नंबर. सहा महिने लागतील, वर्षही लागेल."

"अन् नाही लिहून देल्लं तं?"

"तर तुम्ही मोठी असामी."

संध्याकाळी सेवाभायाच्या देवळापुढे मी तांड्याची बैठक बोलावली आणि सगळे सांगितले. पूनमसिंग माझ्या बरोबरीचा, त्याला थट्टेशिवाय बोलता येत नाही.

"तोडा लवकर," तो म्हणाला. "लाईट आला तवापासून माही बायको माहं तोंड पाह्यते अन् भांडते. अंधारात बरं होतं."

सगळे हसले. मग बसंतीबाई बोलली. ती विधवा, मानीची जवळची. दिवसा आपल्या तुकडाभर वावरात राबायची, मजुरी करायची आणि संध्याकाळी दिव्याखाली कापडावर टाके घालून ते कापड बाजारात विकायची.

"मले लाईट पाहिजे. तुमच्या पोरासाठी माहा उजेड काहून जावा, भाऊ? मानी असती तं तिनं असं मागितलं नसतं."

"मानीनंच सांगितलं होतं."

"मले नाही सांगितलं."

रामधन उठून उभा राहिला. "बा, मी नाही जात कॉलेजात."

"तू बस रे," पूनमसिंग म्हणाला. "तुले कोणी इचारलं?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. नाईकाचा शब्द शेवटचा असतो. त्या दिवशी तो दुसऱ्या कोणाचा असता तर बरे झाले असते. मानी असती तर दुपारीच घरोघरी फिरून आली असती. कोणाला काय बोलायचे ते तिला कळे. मला फक्त हो म्हणायचे काम उरत असे. मी थकलो होतो, आणि समजूत घालण्याचे शब्द माझ्याजवळ नव्हते.

"उद्या लिहून देतो," मी म्हणालो. बसंतीबाई उठून गेली.

शुक्रवारी दाखला मिळाला. शनिवारी रामधनचे नाव कॉलेजात लागले, फी माफ. दहा-बारा दिवसांनी वायरमन शिडी घेऊन आला. एकेका घराची तार काढत तो माझ्या दारापर्यंत आला आणि शिडी खांद्यावर घेऊन पुढे चालू लागला.

"हे नाही काढत?"

"हे तुमचंच हाय ना? हे कायद्यात बसते."

हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. सगळ्या तांड्यात एकट्या माझ्या घरी लाईट राहिला, आणि रामधन पुसदला गेल्यापासून त्या घरात मी एकटा. दोन दिवस मी बटन दाबलेच नाही. तिसऱ्या दिवशी बसंतीबाईकडे गेलो.

"माह्या घरी येऊन टाके घालत जा," मी म्हणालो.

तिने कापडावरून मान वर केली नाही. "बाई नसलेल्या घरात दिवेलागणीले कशी येऊ? लोक काय म्हणतीन?"

"मी घरात राहीन तवा ना. तुम्ही बाया बसा. मी बाहेर बसतो."

"किती दिवस बाहेर बसान?"

"तुह्या नावाचं मीटर येईपर्यंत. अर्ज आणला हाय. अंगठा दे."

तिने अंगठा लगेच दिला नाही. कागद हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. "यात माह्या वावराचं काही नाही ना?" म्हणून दोनदा विचारले. मग दिला.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना ती आली, सोबत आणखी चौघी. आत शिरल्या शिरल्या तिने चूल पाहिली. माघापासून ती सारवलेली नव्हती. मानीच्या घराची काय दशा केली म्हणून तिने मला सगळ्यांदेखत ऐकवले. मी ऐकून घेतले, आणि बाज उचलून बाहेर नेली.